हाताने रंगवलेली मोटार: एका रंगशाळेच्या कामाचे परीक्षण

पांढऱ्या रंगाची, पाच दरवाजांची, रहदारीत उभी राहिली तर ओळखू येणार नाही अशी माझी साधी हॅचबॅक मी एका छोट्या रंगशाळेकडे सोपवली आणि तिच्या सगळ्या पत्र्यावर कुंचल्याने चित्र रंगवून घेतले. नव्याचे नऊ दिवस केव्हाच सरले आहेत. ऊन, पाऊस, धूळ, उडणारी खडी, घाईघाईत केलेली धुलाई हे सगळे त्या चित्राच्या वाट्याला येऊन गेले आहे, त्यामुळे त्याविषयी आता काही खात्रीने लिहिता येईल. रंगशाळेचे नाव मी देत नाही, कारण मला खटकलेल्या गोष्टीही मोकळेपणाने लिहायच्या आहेत आणि माझा रोख कोणा एका नावापेक्षा कामाच्या पद्धतीवर आहे. मत मात्र आरंभीच सांगते. चित्र सुंदर झाले आहे, पण या सेवेचे खरे मोल कुंचला पत्र्याला लागण्यापूर्वी आणि तो उचलल्यानंतर झालेल्या कामात आहे. चांगला हात असलेले चित्रकार शोधले तर सापडतात. उन्हापावसात धावणाऱ्या पत्र्याचा स्वभाव जाणून त्यावर चित्र काढणारे फार थोडे.

रंगशाळा दोघे मिळून चालवतात. त्यांतले वयाने मोठे असलेले कलाकार आयुष्यभर दुकानांच्या पाट्या हाताने रंगवत आले आहेत, तर दुसरे गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगच्या कामात तयार झालेले कारागीर आहेत. एकाला रेघ कळते, दुसऱ्याला पत्रा कळतो, आणि दोघांनाही एकमेकांच्या कामाबद्दल आदर आहे. असे काम कोणाला द्यायचे याचा विचार करणाऱ्यांनी सर्वांत आधी हे पाहावे असे मला वाटते. निव्वळ चित्रकाराने रंगवलेल्या गाडीचे पोपडे लवकर निघतात, आणि निव्वळ गॅरेजवाल्याने रंगवलेल्या गाडीवर चित्र टिकते खरे, पण ते पाहावेसे वाटत नाही.

पहिल्या भेटीत चित्राच्या विषयावर फारसे बोलणे झालेच नाही. गाडी उन्हात उभी करून दोघे तिच्याभोवती फिरले, कधी वाकून तर कधी बरेच लांब जाऊन त्यांनी ती पाहिली, सगळे दरवाजे आणि डिकी उघडून पाहिली, आणि बाजूच्या पत्र्यावर पुढून मागे जाणारी जी उठावाची घडी असते तिच्यावरून हात फिरवला. मी पाणथळीतले बगळे आणि लव्हाळी असा विषय मनाशी धरून गेले होते, आणि संदर्भासाठी एक आडवे छायाचित्रही बरोबर नेले होते. ते छायाचित्र त्यांनी लक्षपूर्वक पाहिले आणि मग बाजूला ठेवले. गाडीला चौकट नसते, तिला पाच बाजू असतात, त्या एकाच वेळी कधीच दिसत नाहीत, आणि पाहणाराही बहुधा चालत किंवा गाडीत बसून जात असतो. त्यामुळे भिंतीवरचे चित्र जसेच्या तसे दारावर चिकटवून भागत नाही, असे त्यांनी मला समजावून सांगितले.

हा विचार जुना आहे आणि मोठमोठ्या कलाकारांनाही तो करावा लागला आहे. १९७५ साली अलेक्झांडर काल्डर यांनी बीएमडब्ल्यू ३.० सीएसएल या शर्यतीच्या गाडीसाठी आधी छोट्या प्रतिकृतीवर रंगयोजना केली आणि मग ती मोठ्या गाडीवर उतरवण्यात आली. कलाकारांकडून गाड्या सजवून घेण्याच्या बीएमडब्ल्यूच्या आर्ट कार मालिकेची ती पहिली गाडी, आणि ती त्याच वर्षी फ्रान्समधल्या ल मान्सच्या मोटार शर्यतीत धावली. पुढच्या वर्षी फ्रँक स्टेला यांनी आलेखाच्या कागदासारख्या काळ्या-पांढऱ्या चौकटींचे जाळे गाडीवर पसरले. पत्रा जिथे वळतो तिथे चौकटीही वळतात, आणि त्यामुळे आकार लपण्याऐवजी अधिक उठून दिसतो. १९९५ साली डेव्हिड हॉकनी यांनी तर गाडीच्या आतले जग बाहेर आणले: बॉनेटवर इंजिनाचे भाग, दारावर चालवणाऱ्याची आकृती आणि मागच्या बाजूला बसलेला कुत्रा. या गाड्यांची छायाचित्रे पाहताना माझ्या लक्षात आले की यशस्वी रंगवलेल्या गाडीत चित्र पत्र्यावर नुसते बसलेले नसते, ते पत्र्याच्या आकारातून निघालेले असते. माझ्या रंगशाळेने हेच केले, आणि तेही कोणत्याही मोठ्या नावाचा आधार न घेता.

त्यांनी लव्हाळी दरवाजांच्या खालच्या कडेपासून वर उगवू दिली. खाली गडद हिरवा आणि मातकट रंग, वर जाताना पाती विरळ आणि फिकी. त्यात सौंदर्य तर आहेच, शिवाय व्यवहारही आहे, कारण चाकांनी उडवलेला चिखल याच पट्ट्यावर बसतो आणि गडद रंगात तो चटकन डोळ्यांत भरत नाही. उडणारा मोठा बगळा पुढच्या आणि मागच्या दरवाजांवर मिळून पसरला आहे. दोन दरवाजांमधली फट त्याच्या पंखावरून जाते, मानेवरून किंवा डोळ्यावरून नाही, त्यामुळे दार उघडले तरी पक्षी कापला गेल्यासारखा दिसत नाही. दाराच्या हँडलाभोवती त्यांनी बारीक काम मुद्दामच ठेवले नाही. तिथे नुसते पाण्याचे साधे निळे-करडे आवरण आहे, कारण नखे आणि अंगठ्या घासून तिथला रंग सर्वांत आधी उतरतो. छतावर त्यांनी वरून दिसणारे पाणी आणि त्यावरून उडणाऱ्या थव्याच्या पाठी रंगवल्या आहेत. छत रस्त्यावरच्या माणसाला दिसतच नाही, ते वरच्या मजल्यावरून पाहणाऱ्याला दिसते, तेव्हा त्याला पक्षीही वरूनच दिसले पाहिजेत, हा त्यामागचा विचार मला फार आवडला. छताचा रंग फिका ठेवण्याचे कारणही त्यांनी सांगितले: गडद छत उन्हात अधिक तापते, आणि तापणे व थंड होणे जितके तीव्र तितका रंगावर ताण अधिक.

आता तयारीविषयी, कारण या सेवेचा कणा तोच आहे.

कारखान्यात गाडीच्या पत्र्यावर चढणारे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचे असतात. १००० मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. त्यात गंज रोखणारा पहिला थर, प्रायमर, मूळ रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट इतके सगळे सामावलेले असते. वरच्या क्लिअर कोटची जाडी बहुधा ४० ते ५० मायक्रॉनच्या आसपास असते, आणि नवे चित्र ज्याला धरून बसणार तो पृष्ठभाग हाच. तो गुळगुळीत असल्यामुळे त्यावर सरळ रंग लावला तर दिसायला पहिल्या दिवशी उत्तम दिसतो आणि काही महिन्यांत कडांपासून सुटू लागतो. म्हणून त्याला बारीक खरखरीत करावे लागते, पण तो आरपार घासला जाऊ नये अशा बेताने; आणि घड्यांच्या व कडांच्या ठिकाणी थर मुळातच पातळ असल्यामुळे हात जरा जड पडला की खालचा रंग, मग प्रायमर आणि शेवटी पत्रा उघडा पडतो.

या रंगशाळेत प्रथम गाडी धुतली गेली, मग मेण आणि सिलिकॉन काढणाऱ्या द्रावणाने पुसली गेली, आणि त्यानंतरच घासण्याचे काम सुरू झाले. हा क्रम उलटा करणारे कारागीर मी पाहिले आहेत, आणि त्याचे परिणामही पाहिले आहेत. आधी घासले तर पॉलिशमधले सिलिकॉन त्या बारीक ओरखड्यांत आणखी खोल जाऊन बसते, आणि नंतर रंग तिथून मागे सरकून गोल खळगे पडतात. सपाट भागावर ८०० नंबरचा वॉटर पेपर, घड्यांवर आणि कडांवर कागदाऐवजी करडी नायलॉनची घासणी, आणि अधूनमधून पाणी पुसून तिरप्या उजेडात पाहणी, असे ते काम चालले. चकाकणारा एकही ठिपका उरला नाही आणि सगळी गाडी मंद, दुधी दिसू लागली, तेव्हाच ते थांबले.

याच टप्प्यावर त्यांच्या काळजीपूर्वक कामाचा प्रत्यय आला. रंगाची जाडी मोजणारे यंत्र त्यांनी प्रत्येक भागावर लावून आकडे कागदावर लिहून ठेवले होते. बहुतेक ठिकाणी आकडा ११० ते १३० मायक्रॉनच्या दरम्यान होता, पण डाव्या मागच्या दरवाजावर तो २०० च्या पुढे गेला, म्हणजे ते दार पूर्वी कधीतरी पुन्हा रंगवले गेले होते. गाडी मी जुनी विकत घेतलेली असल्याने मला याची कल्पनाच नव्हती. तो जुना रंग पत्र्याला किती घट्ट धरून आहे हे ठरवण्यासाठी त्यांनी पात्याने तीन-तीन मिलिमीटर अंतरावर सहा उभ्या आणि सहा आडव्या चिरा पाडल्या, त्या जाळीवर चिकटपट्टी दाबून बसवली आणि झटक्यात ओढली. पट्टीबरोबर रंगाचे छोटे चौकोन निघून आले. मला बोलावून त्यांनी ती पट्टी दाखवली, आणि ते दार पार पत्र्यापर्यंत उघडे करून नव्याने प्रायमर चढवला. वर कितीही उत्तम बगळा काढला असता, तरी त्याच्या खालचा थरच सुटणारा होता. हे काम दाखवण्यासारखे नाही, तयार गाडीवर ते कोणाला दिसतही नाही, आणि म्हणूनच ते टाळण्याचा मोह कारागिराला होऊ शकतो.

चित्रासाठी त्यांनी पाट्या रंगवणाऱ्यांचा अल्किड इनॅमल वापरला. कुंचल्याने लावायला यापेक्षा चांगला रंग मला तरी माहीत नाही. तो दाट असतो, एका हातात झाकतो, आणि लावल्यावर थोडा वेळ ओला राहत असल्यामुळे केसांच्या खुणा आपोआप मिटून पृष्ठभाग सपाट होतो. अ‍ॅक्रिलिक रंग झटकन वाळतो, त्यामुळे लांब रेघेत सांधे दिसतात. रंगाची मार्कर पेने बारीक तपशिलाला सोयीची असतात, पण त्यांच्या रेघेला जाड-बारीकपणाचे वळण नसते.

आराखडा उतरवण्याची पद्धत जुनीच होती. मोठ्या कागदावर रेखाटन, त्या रेघांवर बारीक दातांच्या चाकाने पाडलेली छिद्रे, कागद पत्र्यावर चिकटवून त्यावरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी हलकेच थोपटायची, की मागे ठिपक्यांची रेघ उरते. ती पुसता येते, पत्रा ओरखडत नाही, आणि कागद जपून ठेवता येतो. या कागदांचे महत्त्व मला नंतर अधिक कळले, त्याबद्दल शेवटी लिहिते.

लव्हाळ्याचे एक पाते रंगवताना मी जवळ उभी होते. खारीच्या केसांचा लांब, मऊ कुंचला त्यांनी रंगात बुडवला, पुठ्ठ्यावर दोन्ही अंगांनी ओढून त्याची चपटी धार केली, डाव्या हातातल्या काठीचे कापड गुंडाळलेले टोक पत्र्याबाहेर टेकवून त्या काठीवर उजवे मनगट ठेवले, आणि पाते बुडापासून वर न ओढता टोकापासून खाली ओढायला घेतले. सुरुवातीला केसांचे नुसते टोक टेकलेले, मग दाब वाढत गेला तसे पाते रुंद झाले, पत्र्याच्या उठावाच्या घडीवर आल्यावर त्यांनी कुंचला बोटांत किंचित फिरवला आणि घडी ओलांडून रेघ तशीच अखंड खाली आली. त्या सबंध वेळात मनगट हलले नाही, खांदा हलला. दाराच्या फटीपाशी ते थांबले नाहीत. रेघ फटीच्या आतल्या कडेवर वळवून घेतली, आणि मग दार उघडून आतल्या घडीवरही तोच हिरवा नेला. दार उघडल्यावर मूळ पांढरी कड दिसली तर चित्र वरवरचे वाटते. आज गाडीत बसताना रोज ती आतली हिरवी कड दिसते आणि रोज समाधान वाटते.

हाताने रंगवण्याच्या दोन टोकांच्या रीती या क्षेत्रात प्रसिद्ध आहेत. १९७९ साली अँडी वॉरहॉल यांनी बीएमडब्ल्यू एम-१ स्वतः थेट रंगवली आणि हे काम अर्ध्या तासाच्या आत, २८ मिनिटांत, पूर्ण केले. त्यात सुमारे ६ किलो रंग लागला, आणि ओल्या रंगातून ओढलेले फटकारे तसेच राहू दिले गेले. १९९१ साली दक्षिण आफ्रिकेच्या एस्थर महलांगू यांनी ५२५ आय या गाडीवर न्डेबेले लोकांच्या घरांच्या भिंतींवर असतात तशा भौमितिक आकृत्या काढल्या, काळ्या ठळक रेघांनी बांधलेल्या आणि अत्यंत नेटक्या. या मालिकेत काम करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री कलाकार. मला दोन्ही गाड्या आवडतात, पण रोज वापरायच्या गाडीसाठी मी दुसरी रीत निवडेन. जाड फटकाऱ्यांच्या उंचवट्यांत मळ बसतो, आणि रंगाचा थर जागोजागी कमीजास्त असला की वरचा क्लिअर कोटही सारखा बसत नाही.

रंग निवडताना आमचा एकदा मतभेद झाला. पहाटेच्या आकाशासाठी मला झगझगीत गुलाबी हवा होता, आणि त्यांनी तो लावायला स्पष्ट नकार दिला. कारण म्हणून त्यांनी भिंतीवर टांगलेली पत्र्याची एक पट्टी काढून आणली. तिच्यावर वेगवेगळ्या रंगांचे पट्टे होते आणि निम्मा भाग फॉइलने झाकून ती बराच काळ उन्हात ठेवलेली होती. फॉइल सोडवल्यावर फ्लुरोसंट गुलाबीचा झाकलेला भाग भडक होता आणि उघडा भाग जवळजवळ पांढरा पडलेला. शेजारचे आयर्न ऑक्साइडचे लाल, थॅलो निळा आणि थॅलो हिरवा मात्र दोन्हीकडे सारखेच होते. सूर्याचे अतिनील किरण काही रंगद्रव्यांचे रेणूच मोडतात, आणि छत व बॉनेट आडवे असल्याने त्यांना ऊन सर्वांत जास्त मिळते. अखेर पहाटेसाठी त्यांनी क्विनाक्रिडोन जातीचा, उन्हात टिकणारा गुलाबी वापरला. मला हवा होता तितका तो झगझगीत नाही, पण आजही तो पहिल्या दिवशी होता तसाच आहे, आणि त्यांचा नकार योग्यच होता. गिऱ्हाइकाला नाही म्हणण्याचे धैर्य सेवेच्या गुणांत धरले पाहिजे.

चित्रावरचा क्लिअर कोट हा सर्वांत धोक्याचा टप्पा. अल्किड इनॅमल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतो, त्यामुळे वरचा पापुद्रा आधी वाळतो आणि आतला भाग कितीतरी दिवस मऊ राहतो. हाताला कोरडा लागला म्हणून त्यावर लगेच हार्डनर, म्हणजे कडक करणारे द्रव्य, मिसळून लावायचा दोन घटकांचा क्लिअर कोट मारला, तर त्यातले थिनर आत झिरपून रंग फुगवते आणि सगळ्या चित्राला सुरकुत्या पडतात. या रंगशाळेने इनॅमलमध्ये सुरुवातीपासूनच थोडे हार्डनर मिसळले होते, तरीही त्यांनी वाट पाहिली, आणि मग पहिला थर अगदी हलका, कोरडा मारून तो बसू दिल्यावरच भरीव थर दिले. फवारणी बंद खोलीत झाली. बाहेरून नळीने हवा पुरवणारा मुखवटा घातलेल्या कारागिराखेरीज तेव्हा आत कोणालाही प्रवेश नव्हता. दोन घटकांच्या क्लिअर कोटमधल्या हार्डनरात आयसोसायनेट असतात, त्यांच्या फवाऱ्याने कायमचा दमा जडू शकतो, आणि साध्या कापडी किंवा धुळीच्या मुखवट्याने त्यापासून संरक्षण होत नाही. घरच्या घरी हे काम करू पाहणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की चित्र हवे तर स्वतः काढा, पण हा फवारा सोय असलेल्या ठिकाणीच मारून घ्या.

क्लिअर कोट वगळून काम स्वस्तात करून देणारेही भेटतात, पण वापरातल्या गाडीवरचे चित्र किती लवकर झिजते हे आधी लक्षात घ्यावे. अमेरिकन गायिका जॅनिस जॉपलिन यांनी १९६८ साली घेतलेली पोर्शे ३५६ त्यांचे सहकारी डेव्ह रिचर्ड्स यांनी फुलपाखरे, डोंगर आणि माणसांनी भरून टाकली होती. ते मूळ चित्र काळाच्या ओघात इतके खराब झाले की १९७० च्या दशकात कुटुंबीयांनी गाडी पुन्हा करड्या रंगाची करून घेतली, आणि १९९० च्या दशकात छायाचित्रांच्या आधारे ते चित्र नव्याने रंगवावे लागले. आज लोक जी पोर्शे पाहतात तिच्यावर मूळ हाताचा कुंचला नाही. वापरातल्या गाडीवरचे चित्र किती नाजूक असते हे यावरून कळावे.

आता खटकलेल्या गोष्टी. वेळेच्या बाबतीत रंगशाळेने मला निराश केले. काम सांगितल्यापेक्षा खूपच लांबले. हवेतला ओलावा, इनॅमलचे वाळणे, डाव्या दाराचे नव्याने निघालेले काम ही कारणे खरी होती आणि त्यांनी घाई केली नाही हे चांगलेच झाले. परंतु ही कारणे मला प्रत्येक वेळी विचारून काढावी लागली, आणि गाडीवाचून आपली सोय करावी लागणाऱ्या माणसाला आपणहून एक निरोप देणे अवघड नव्हते. अंदाजपत्रकात आरशांची आवरणे आणि दारांच्या आतल्या कडा धरलेल्या नव्हत्या, त्यांचे पैसे नंतर वेगळे लागले. तुम्ही असे काम देणार असाल तर गाडीच्या रेखाचित्रावर कोणकोणता भाग रंगवायचा आहे ते खुणा करून घ्या.

दुसरी तक्रार पुढच्या बंपरविषयी आहे. बंपर पत्र्याचा नसतो, तो वाकणाऱ्या प्लास्टिकचा असतो. त्याच्या उघड्या प्लास्टिकवर रंग धरण्यासाठी वेगळा प्रायमर लागतो आणि वरच्या थरांत लवचीकपणा आणणारे द्रव्य मिसळावे लागते. हार्डनर घातलेला इनॅमल कडक होतो, आणि माझ्या बंपरच्या खालच्या कोपऱ्यात थोड्याच काळात केसासारखे तडे दिसू लागले. दाखवल्यावर त्यांनी तो भाग विनामूल्य पुन्हा केला आणि या वेळी लवचीकपणा देणारे द्रव्य घातले. दुरुस्तीनंतर तडे आले नाहीत. पण पत्र्याबाबत इतके दक्ष असणाऱ्यांनी प्लास्टिकबाबत ही ढिलाई करायला नको होती. ज्यांच्या बंपरमागे रडार किंवा पार्किंगचे सेन्सर असतील त्यांनी तिथे धातूचे कण असलेला किंवा जाड थरांचा रंग अजिबात घेऊ नये, कारण त्याने सेन्सरच्या कामात अडथळा येऊ शकतो. छताच्या मध्यभागी क्लिअर कोटला किंचित खडबडीतपणा आहे. तो तिरप्या उजेडातच दिसतो, आणि त्याबद्दल मी फारसे मनाला लावून घेतलेले नाही.

छापील विनाइल लावून हेच साधले नसते का, असे मला बरेच जण विचारतात. विनाइलची बाजू कमकुवत नाही. ते लवकर लागते, काढता येते, खालचा मूळ रंग सुरक्षित राहतो, आणि एखादा भाग खराब झाला तर तेवढाच पुन्हा छापता येतो. जेफ कून्स यांच्या २०१० सालच्या आर्ट कारसाठीही छापील विनाइलच वापरले गेले आणि वरून क्लिअर कोट दिला गेला. गाडी काही वर्षांत विकायची असेल तर विनाइलच घ्यावे, असे मी स्पष्टपणे म्हणेन. पण जवळ गेल्यावर दोन्हींतला फरक लपत नाही. छापील चित्र वीतभर अंतरावरून पाहिले की त्याचे ठिपके होतात, तर हाताने काढलेल्या पात्यात दाब कुठे वाढला, कुंचला कुठे वळला, हिरव्याखालून पिवळा कुठे डोकावला हे सगळे दिसते. गाडीपाशी आपण दिवसातून कितीदा तरी हातभर अंतरावर उभे असतो, म्हणून हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

कागदपत्रांचा मुद्दा रंगशाळेने आपणहून काढला, याबद्दल त्यांना पूर्ण गुण. अनेक देशांत वाहनाच्या नोंदणीत रंगही लिहिलेला असतो आणि तो बदलला तर कळवावे लागते. विमा कंपनीलाही असा बदल आधी सांगितलेला बरा, नाहीतर अपघातानंतर नुकसानभरपाईत फक्त साध्या रंगाचाच खर्च धरला जाण्याची शक्यता असते. नंबर प्लेट, दिवे, काचा आणि चासी क्रमांकाची जागा यांना त्यांनी हातही लावला नाही.

निगा राखणे फार अवघड नाही, पण नियम पाळावे लागतात. गाडी फिरत्या ब्रशांच्या यंत्रात घालायची नाही. दोन बादल्या, सौम्य शाम्पू आणि मायक्रोफायबरचे कापड पुरते. उच्च दाबाच्या पाण्याची नळी दाराच्या कडांवर आणि खडी लागलेल्या ठिकाणी जवळून धरायची नाही, कारण सुटलेल्या टवक्याखाली पाणी शिरले की भोवतालचा रंगही उचलला जातो. पक्ष्यांची विष्ठा त्याच दिवशी काढावी, ती आम्लयुक्त असते. बॉनेटच्या पुढच्या कडेवर खडीचे काही टवके उडाले आहेत. ते मी रंगशाळेने दिलेल्या छोट्या बाटल्यांतल्या रंगाने स्वतःच बुजवले. प्रत्येक बाटलीवर रंग कुठे वापरला आहे ते हाताने लिहिलेले आहे, आणि ही साधी गोष्ट मला कोणत्याही छापील हमीपत्रापेक्षा उपयोगी पडली.

अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात १९८८ पासून आर्ट कारची मिरवणूक निघते, आणि तिच्यात प्रसिद्ध कलाकारांपेक्षा सामान्य माणसांनी सजवलेल्या त्यांच्या सामान्य गाड्यांचाच भरणा असतो. मी ज्या प्रकारच्या सेवेबद्दल लिहिते आहे तिची खरी जागा तिथेच आहे, संग्रहालयात नाही. गाडी वापरायची, पावसात न्यायची, दुकानापुढे उभी करायची आणि तरीही तिच्यावरचे चित्र टिकले पाहिजे, या कसोटीवर रंगशाळेचे काम उतरले आहे. चित्रकला आणि पूर्वतयारी यांना मी पैकीच्या पैकी गुण देते, क्लिअर कोटला थोडे कमी, प्लास्टिकच्या भागांना निम्मे, आणि वेळ पाळण्याला त्याहून कमी. माझ्या ओळखीच्यांना मी हे नाव सांगते, पण हातात भरपूर वेळ असेल तरच गाडी द्या, असेही बजावते.

राहता राहिला अपघाताचा प्रश्न, आणि काम देण्यापूर्वी तो विचारलाच पाहिजे. एखादे दार बदलावे लागले तर त्यावरचा अर्धा बगळा पुन्हा कोण काढणार? रंगशाळेने छिद्रे पाडलेले सगळे कागद गुंडाळून, प्रत्येकावर गाडीचा भाग लिहून, आपल्याकडे ठेवले आहेत, आणि रंगांच्या मिश्रणांची वहीही ठेवली आहे. नवे दार आणून दिल्यास त्यावरचे चित्र त्याच कागदावरून पुन्हा उतरवून देण्याचे त्यांनी मजुरीच्या दरासह लिहून दिले आहे. कागदांचा दुसरा संच मी मागून घेतला आणि त्यांनी तो आनंदाने दिला; तुम्हीही तो मागून घ्या.